'धडाकेबाज'ची बाटली, फाळक्यांची रिळं आणि माझ्या सत्तावन्न 'चुका'

मागच्या उन्हाळ्यात मी एकच चित्रपट अकरा वेळा पाहिला. हौस म्हणून नाही, पीएच.डी.साठी. परभणीतला मे महिना, दुपारी लाईट जाणार हे ठरलेलं, त्यामुळे लॅपटॉप रात्री चार्ज करायचा आणि पहाटे पाचला उठून बघत बसायचं. आईला वाटलं पोरगं वाया गेलं. शेजारच्या काकू तिला म्हणाल्या, "संशोधन म्हणजे पिक्चर बघणं असतं व्हय?"

असतं. पण कसं बघायचं, ते मला तेव्हा येत नव्हतं. तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची तयारी करताय किंवा कोर्सवर्कला बसलाय, आणि "सर, विषय सापडला पण पद्धत कळत नाही" असे मेसेज मला येतात. म्हणून या वेळी माझ्याच फसलेल्या कामाची गोष्ट सांगतो. चित्रपटाचं नाव सांगत नाही, काम अजून चालू आहे. एवढंच सांगतो की मराठी आहे, त्यात जादू आहे, खजिना आहे आणि एक राक्षसासारखा खलनायक आहे. आपल्या पिढीने केबलवर पाहिलेल्यांपैकीच.

माझा विषय साधा होता: अद्भुतरम्य मराठी चित्रपटांतल्या सातत्याच्या चुका. सेटवर याला 'कंटिन्युटी' म्हणतात. नायकाच्या हातात पेला आहे, पुढच्या शॉटमध्ये नाही. जखम डाव्या गालावर होती, ती उजव्यावर गेली. बाहेर भर दुपार आणि दार उघडून आत आला तर रात्र. हे का होतं ते माहीत असेलच, तरी दोन वाक्यांत सांगतो. चित्रपट कथेच्या क्रमाने चित्रित होत नाही. वाड्यातले सगळे प्रसंग एकदम, जंगलातले एकदम, नटाच्या तारखा मिळतील तसे. पडद्यावर दोन सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या दोन शॉटांमध्ये प्रत्यक्षात दोन महिने गेलेले असू शकतात. मधल्या काळात कुणी केस कापले, कुणाचा शर्ट धुवायला गेला, हे लक्षात ठेवायला एक माणूस वही घेऊन बसवलेला असतो. तो थकला की माझ्यासारख्याला पीएच.डी.चा विषय मिळतो.

तर मी वही केली. वेळ, दृश्य, चूक, अशा तीन रकाने असलेली. अकरा वेळा पाहून सत्तावन्न नोंदी झाल्या. मी खूश. तपोवनने नांदेडला गेलो आणि सरांसमोर वही ठेवली. त्यांनी दहा मिनिटं चाळली आणि एकच विचारलं.

"हे सगळं ठीक आहे. पण चूक कुणाची?"

मी म्हणालो, दिग्दर्शकाची. किंवा संकलकाची.

"कशावरून? तुझी नसेल कशावरून?"

परतीच्या गाडीत पूर्णेपर्यंत मला रागच आला होता. परभणी येईपर्यंत कळलं की सरांचं बरोबर आहे.

आधी सगळ्यात मोठी गफलत सांगतो, कारण ती तुम्हीही करणार आहात. मी जो चित्रपट पाहिला तो चित्रपट नव्हता. ती चित्रपटाची एक प्रत होती. कुणीतरी टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली, मग कुणीतरी इंटरनेटवर टाकलेली. वाहिनीने जाहिरातींसाठी आणि वेळेत बसवण्यासाठी कुठे काय कापलं, याचा मला पत्ता नव्हता. माझ्या सत्तावन्नपैकी पुष्कळ 'चुका' नेमक्या अशा ठिकाणी होत्या जिथे प्रसंग अर्धवट तुटला होता. नायिका विहिरीजवळ उभी असते आणि एकदम वाड्यात दिसते. मी लिहिलं, 'स्थळाचे सातत्य भंग'. नंतर एका जुन्या सीडीवर दुसरी प्रत मिळाली, त्यात विहीर आणि वाड्याच्या मध्ये चांगली दीड मिनिटाची धावपळ होती.

ही अडचण नवी नाही. आपल्या चित्रपटाच्या पहिल्या पानापासून आहे. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. चार रिळं, सुमारे ३,७०० फूट. आज त्यातलं काय हाती आहे? फक्त पहिलं आणि शेवटचं रीळ, मिळून साधारण १,४७५ फूट, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात. म्हणजे मधली गोष्ट गेलेली आहे. इंटरनेटवर ते दोन तुकडे जोडून दिसतात. ते पाहून एखादा विद्यार्थी लिहील की फाळक्यांच्या कथनात मोठ्या उड्या आहेत. उडी फाळक्यांची नाही हो, काळाची आहे.

आणि गोष्ट इथेच संपत नाही. फाळक्यांनी हीच कथा १९१७ मध्ये 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र' या नावाने पुन्हा चित्रित केली. हाताशी असलेली रिळं १९१३ ची नसून या दुसऱ्या चित्रपटाची आहेत, असं बऱ्याच चित्रपट-इतिहासकारांचं मत आहे. विचार करा, 'भारताचा पहिला चित्रपट' म्हणून आपण ज्या दृश्यांकडे बोट दाखवतो, ती कदाचित पहिल्या चित्रपटातली नाहीतच. त्यातली एखादी चूक काढून 'फाळक्यांच्या पहिल्या प्रयत्नातली चूक' असं लिहिलंत, तर वाक्य व्याकरणाने शुद्ध आणि पुराव्याने लंगडं.

म्हणून माझ्या वहीत आता सगळ्यात आधी प्रतीची माहिती येते. कुठून मिळाली, किती मिनिटांची आहे, चौकटीचा आकार काय, सेन्सॉर प्रमाणपत्र दिसतं का. प्रमाणपत्रावर लांबी लिहिलेली असते, ती आणि तुमच्या प्रतीची लांबी ताडून बघा. हा हिशेब मला कुणी शिकवला नव्हता.

चौकटीचा आकार कशासाठी, असं वाटेल. महेश कोठारेंचा 'धडाकेबाज' (१९९०) आठवतो ना? कवट्या महाकाळ, आणि बाटलीतला इवलासा गंगाराम. मराठीतला पहिला सिनेमास्कोप चित्रपट म्हणून त्याची ओळख आहे. सिनेमास्कोपची चौकट उंचीच्या साधारण २.३५ पट रुंद असते. जुना टीव्ही १.३३ पट. अशी रुंद चौकट चौकोनी टीव्हीवर काठोकाठ भरून दाखवायची तर दोन्ही बाजू छाटाव्या लागतात, आणि हिशेब केला तर जवळजवळ ४३ टक्के चित्र जातं. आता समजा, एका शॉटमध्ये कंदील उजव्या टोकाला टांगलेला आहे आणि पुढच्या शॉटमध्ये तो थोडा आत आहे. रुंद पडद्यावर कंदील दोन्हीकडे दिसेल. छाटलेल्या प्रतीत तो आधी 'नाही' आणि नंतर 'अचानक आला'. तुम्ही वहीत लिहिणार, वस्तूचे सातत्य भंग. माझ्या आठ नोंदी अशाच उडाल्या.

तिसरं तर मला विनोदीच वाटलं. सरांनी सांगितलं, दुसरा निरीक्षक घे. जिंतूरची माझी चुलतबहीण तयार झाली. ताईची नजर तीक्ष्ण, कुणाच्या लग्नात कुणी कोणती साडी दुसऱ्यांदा नेसली हे तिला पाठ. तिने तिच्याकडच्या डीव्हीडीवर पाहिलं, मी माझ्या फाईलवर. याद्या जुळवायला बसलो तर एकही वेळ जुळेना. पहिल्या दहा मिनिटांत पंचवीस सेकंदांचा फरक, तासाजवळ अडीच मिनिटांचा. मी म्हणालो, ताई, तू घाईत लिहिलंस. ती म्हणाली, दादा, घड्याळ तुझं बिघडलंय.

दोघांचंही बरोबर होतं. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो. आपल्याकडच्या टीव्हीची जुनी पद्धत सेकंदाला २५ चौकटींची. तेच चित्र २५ च्या वेगाने पळवलं की तासाभराचा मजकूर ५७ मिनिटं ३६ सेकंदांत संपतो. म्हणजे तासाला २ मिनिटं २४ सेकंद. कानाला आवाज किंचित बारीक लागतो, डोळ्याला काहीच कळत नाही. तेव्हापासून आम्ही वेळेबरोबर 'कितवा शॉट' हेही लिहितो. मूकपटांत ही भानगड आणखी मोठी आहे. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, वेग सेकंदाला सोळा चौकटींच्या आसपास आणि तोही कमी-जास्त. तो मजकूर २४ ने दाखवला की सगळे राजे-ऋषी तुरुतुरु पळतात, आणि आपल्याला वाटतं जुने नट असेच चालायचे.

आता खऱ्या प्रश्नाकडे येऊ. प्रत चांगली मिळाली, वेळा जुळल्या. पण 'चूक' म्हणजे काय, हे तुम्ही ठरवलंय का? इथे अद्भुतरम्य चित्रपट तुम्हाला चांगलाच नाचवतो.

झॉर्ज मेलिएसची एक गोष्ट सांगतात. ती त्याने स्वतःच सांगितलेली असल्यामुळे थोडं मीठ लावूनच घ्या. पॅरिसच्या रस्त्यावर चित्रण करताना त्याचा कॅमेरा मिनिटभर अडकला. सुरू झाला तोवर समोरची गाडी जाऊन तिथे दुसरी आली होती. फिल्म धुवून पाहिली तर एका बसची एकदम शववाहिका झालेली! गोष्ट खरी असो वा रचलेली, युक्ती खरी आहे: कॅमेरा थांबवायचा, वस्तू बदलायची, पुन्हा सुरू करायचा. राक्षस गायब होतो, देव प्रकट होतो. फाळक्यांच्या पौराणिक चित्रपटांतले चमत्कार याच घराण्यातले. म्हणजे बघा, जादूचा चित्रपट मुळात सातत्य तोडूनच उभा राहतो. तुम्ही ज्याला चूक म्हणता तीच त्याची भाषा आहे.

मग जादू आणि चूक वेगळी कशी करायची? मी बरेच दिवस अडलो होतो. शेवटी एक कसोटी लावली. जादूच्या शॉटमध्ये एकच गोष्ट बदलायला हवी असते आणि बाकी सगळं गोठलेलं असावं लागतं. मुनी गायब झाला, पण मागच्या झाडाची सावलीही सरकली, तर मुनीचं जाणं ही जादू आणि सावलीचं सरकणं ही चूक. एकाच कापात दोन्ही. म्हणून माझ्या वहीत आता 'बदल' आणि 'हेतू' असे वेगळे रकाने आहेत. आणि हेतू कशावरून ठरवला, ते लिहायला तिसरा. हेतू आपल्याला दिसत नसतो, आपण तो ताडतो. ताडलेली गोष्ट पाहिलेल्या गोष्टीच्या रकान्यात गेली की प्रबंध तिथेच बाद, परीक्षक सोडत नाहीत.

गंगारामच्या बाटलीचंच घ्या. माणूस बाटलीत कसा, हा प्रश्न आपण विचारत नाही. ते त्या जगाने आधीच मान्य करून घेतलंय. पण तो बाटलीच्या मानाने केवढा आहे, हे शॉटागणिक मोजता येतं. त्याची उंची भागिले बाटलीची उंची. कुणाला छोटा प्रकल्प करायचा असेल तर हा करून बघा. निकाल काय येईल ते मी आधी ठरवत नाही, तुम्हीही ठरवू नका. 'झपाटलेला' (१९९३) मधल्या तात्या विंचूवरही करता येईल. रामदास पाध्यांचा बाहुला आहे, त्यामुळे तिथे उंचीपेक्षा हालचाल मोजणं जास्त बोलकं ठरावं.

गाण्यांनी मला वेगळाच धडा दिला. मी भाबडेपणाने लिहून ठेवलं होतं, 'कडव्याच्या मध्यात नायिकेची साडी बदलली'. ताई हसून बेजार. अरे, गाण्यात साडी बदलतेच! अंतऱ्याला हिरवी, पुढच्या ओळीला लाल, मध्ये एकदा बर्फ. आपला कोणताही प्रेक्षक याला चूक म्हणत नाही. तो संकेत आहे. चूक ठरवायची तर नियम हवा, आणि नियम त्या काळच्या प्रेक्षकाचा हवा, आपला नाही. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने केली. 'लंका दहन' (१९१७) मध्ये तर त्यांनीच राम आणि त्यांनीच सीता. साडीआड पुरुषी बांधा दिसतो ही चूक म्हणायची का? ज्यांनी नाटकात बालगंधर्व पाहून डोळे टिपले त्यांना विचारा. 'कालिया मर्दन' (१९१९) च्या सुरुवातीला फाळके आपल्या मुलीला, मंदाकिनीला, साध्या वेशात वेगवेगळे भाव करताना दाखवतात आणि मग तिचाच कृष्ण होतो. म्हणजे त्यांनी स्वतःच पडदा बाजूला करून दाखवला की ही खोटी गंमत आहे, आता बघा. अशा माणसाला भ्रम मोडल्याचा दोष लावायला आपण निघालो होतो.

आता तुमच्यातला हुशार विद्यार्थी विचारेल, की एवढं सगळं असताना प्रेक्षकाला चुका दिसत का नाहीत? यावर चांगलं काम झालंय. डॅनियल लेविन आणि डॅनियल सायमन्स यांनी १९९७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन मैत्रिणी गप्पा मारतायत असा छोटा चित्रपट, आणि कापागणिक मुद्दाम केलेले नऊ बदल: गळ्यातला स्कार्फ नाहीसा, ताटल्यांचा रंग वेगळा, असं. पहिल्या वेळी पाहणाऱ्यांना जवळजवळ काहीच दिसलं नाही. बदल आहेत असं सांगून पुन्हा दाखवलं तरी सरासरी दोनच सापडले. दुसऱ्या प्रयोगात कापानंतर नटच बदलला, तरी बहुतेकांच्या लक्षात आलं नाही. चेंडू मोजता मोजता गोरिला न दिसण्याचा प्रसिद्ध प्रयोग (सायमन्स आणि शाब्री, १९९९) याच वाटेवरचा.

संकलकांना हे प्रयोगशाळेच्या आधीपासून ठाऊक होतं. वॉल्टर मर्च या संकलकाने चांगल्या कापाच्या सहा कसोट्या सांगून त्यांना टक्के दिलेत. भावनेला ५१, कथेला २३, लयीला १०, आणि पात्रं-वस्तू खोलीत नेमक्या कुठे आहेत याला सगळ्यात शेवटी ४. टक्केवारी गमतीचीच आहे, पण तिच्यामागचा निर्णय खरा. नटाचा एक शॉट रडू आणणारा आहे पण त्यात पेला उजव्या हातात आहे, दुसरा फिका आहे पण पेला बरोबर आहे. तर संकलक रडू निवडणार. म्हणजे तुम्ही ज्याला निष्काळजीपणा म्हणताय, तो पुष्कळदा जाणूनबुजून केलेला सौदा असतो.

हे वाचल्यावर मी सरांना विचारलं, मग या चुकांचा उपयोग काय? ते मराठी हस्तलिखितांवर काम केलेले. त्यांनी पैठणच्या एकनाथांचं उदाहरण दिलं. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, कारण नकला करता करता त्यात अपपाठ शिरले होते. आज पाठचिकित्सा करणारा त्या अपपाठांकडे वेगळ्या नजरेने बघतो. दोन पोथ्यांत तीच चूक त्याच जागी असेल तर त्या एकाच जुन्या पोथीवरून उतरल्या असण्याचा संभव मोठा. चूक हा माग असतो. बरोबर अक्षर कुणाकडून घेतलं ते कळत नाही, चुकलेलं कळतं.

चित्रपटातही तसंच. 'विझार्ड ऑफ ओझ' (१९३९) मध्ये बुजगावण्याच्या प्रसंगात डोरोथीच्या वेण्या लांब-आखूड होतात. हसण्याऐवजी विचारा, असं का? तर त्या चित्रपटाचे दिग्दर्शक बदलले, सुरुवातीचं चित्रण टाकून दिलं गेलं, प्रसंग वेगवेगळ्या दिवशी झाले. वेणीने निर्मितीची तारीख सांगितली. मूकपटात घरातल्या प्रसंगात पडदा वाऱ्याने हलताना दिसला, तर तो सेट बिनछताचा, उन्हात उभा केलेला होता हे कळतं. कुठल्याही कागदपत्रात नसेल तरी.

इथे घाई मात्र करू नका, कारण मागही पुसले जातात. 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' (१९८१) मध्ये नागासमोरच्या काचेत नागाचं प्रतिबिंब दिसायचं. पुढे डीव्हीडी काढताना ते पुसलं. 'स्टार वॉर्स' (१९७७) मध्ये एका सैनिकाचं डोकं दाराला आपटतं. २००४ च्या आवृत्तीत पुसण्याऐवजी त्याला आपटल्याचा आवाजच जोडला. चुकीचा विनोद झाला. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, कोणती प्रत.

आता थोडं गणित, कारण कोर्सवर्कच्या पेपरला हे येतं आणि मुलं घाबरतात. ताईच्या आणि माझ्या याद्या कितपत जुळतात, हे सांगायचं तर आधी भाजक ठरवा. 'या चित्रपटात चाळीस चुका' हे वाक्य निरर्थक आहे. किती कापांपैकी चाळीस? समजा आम्ही १०० काप तपासले. दोघांनी मिळून ५ ठिकाणी 'चूक' म्हटलं, ८५ ठिकाणी दोघांनीही 'नाही' म्हटलं, ५ फक्त मला दिसल्या, ५ फक्त ताईला. जुळणी ९० टक्के. वा! पण थांबा. चुका इतक्या विरळ आहेत की डोळे मिटून 'नाही, नाही' म्हणत गेलो तरी आम्ही बहुतेक ठिकाणी जुळणार. मी १० वेळा चूक म्हटलं, तिनेही १० वेळा. निव्वळ योगायोगाने जुळण्याची शक्यता ०.१ × ०.१ अधिक ०.९ × ०.९, म्हणजे ०.८२. योगायोगाच्या वर आम्ही मिळवलं ०.०८, मिळवता आलं असतं ०.१८. भागिले, ०.४४. याला कोहेनचा कप्पा म्हणतात. ९० टक्क्यांचा रुबाब उतरून मध्यम जुळणी उरली. मी पहिल्या प्रगती अहवालात टक्केवारीच लिहिली होती. समितीतल्या एका मॅडमनी फक्त पेन्सिलीने गोल केला, बोलल्या काही नाहीत.

आणि माझ्या सत्तावन्न? प्रतीत तुटलेल्या एकोणीस गेल्या. गाण्यातल्या अकरा, छाटलेल्या चौकटीतल्या आठ, जादूच्या किंवा स्वप्नातल्या म्हणून मुद्दाम केलेल्या सहा. उरल्या तेरा. त्यातल्या नऊ ताईलाही स्वतंत्रपणे सापडल्या. अकरा वेळा पाहून नऊ. पण या नवांपैकी सात एकाच वाड्यातल्या प्रसंगांत आहेत, आणि सत्तावन्नच्या गर्दीत मला ते दिसलंच नव्हतं. त्या वाड्याचं चित्रण दोन टप्प्यांत झालं असावं, असा आता माझा अंदाज आहे. त्या युनिटमध्ये काम केलेल्या एका गृहस्थांना भेटायला पुढच्या आठवड्यात जातोय. त्यांना चुकांची यादी दाखवणार नाही. फक्त विचारणार, वाड्यात किती दिवस होतात, आणि मध्ये कधी थांबावं लागलं होतं का.

एक नोंद मात्र अजून 'अनिश्चित' या रकान्यात आहे. वाड्याच्या चौकात तुळशीपुढचा दिवा. एका शॉटमध्ये विझलेला, लगेच पुढच्यात तेवतोय, आणि मधे कुणी लावताना दिसत नाही. त्या वाड्यात भूत आहे, हे कथेतच सांगितलंय. ताई म्हणते, जादू. मी म्हणतो, चूक. दोन्ही प्रतींत ते तसंच आहे.